पंधरा वर्षांच्या गाडीचं ब्रेक ऑइल बदललं, त्याची हकीकत

19 मे 2024, रविवार. मावशीची पंचाहत्तरी म्हणून आम्ही साताऱ्याहून चिपळूणला निघालो होतो. आमची अल्टो 2009 सालची. गाडीत पाच माणसं, डिकीत दोन पिशव्या कंदी पेढे, एसी चालू, बाहेर रणरणतं ऊन. उंब्रज, पाटण, कोयनानगर सगळं निवांत झालं. मग कुंभार्ली घाट उतरायला लागलो. पुढे एक ट्रक रांगत होता, त्याच्या मागे मी तिसऱ्या गिअरमध्ये, आणि उजवा पाय जवळजवळ सतत ब्रेकवर. चूक माझीच होती, पण ते कळायला अजून वेळ होता.

शेवटची काही वळणं राहिली असताना पेडल नरम लागलं. कणकेत पाय रुतावा तसं. पुन्हा दाबलं तर आणखी खाली गेलं. मी काही न बोलता दुसरा गिअर टाकला, हँडब्रेकची दांडी हळूहळू ओढत नेली आणि पोफळीच्या अलीकडे एका टपरीसमोर गाडी कडेला लागली. चाकांपाशी जळका वास येत होता. बायकोने विचारलं, "इथे कशाला थांबलात?" मी म्हणालो, "चहा." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. अर्ध्या तासाने पेडल दाबून पाहिलं, तर जसं काही झालंच नव्हतं. एकदम कडक.

हे असं परत ठीक होणं मला जास्त घाबरवून गेलं. काही तुटलं असतं तर निदान दाखवता आलं असतं.

त्या रात्री मावशीच्या ओट्यावर बसून मोबाइलवर वाचत गेलो. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते ऑइल नसतंच. बहुतेक गाड्यांमध्ये ते ग्लायकॉलच्या जातीचं द्रव असतं आणि त्याला पाण्याची भारी ओढ. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातल्या बारीक वाटेने, रबरी होजमधून ते हवेतला ओलावा वर्षानुवर्षं पीत राहतं. डॉट म्हणजे या द्रवाची प्रत. नवं डॉट 3 निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट 4 निदान 230 पर्यंत. पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हेच आकडे 140 आणि 155 वर येतात. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला की पुढच्या कॅलिपरशी, म्हणजे पॅड दाबून चाक थांबवणाऱ्या भागाशी, जी धग होते तिच्यापुढे 140 म्हणजे फार नाही. द्रव उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते, म्हणून आपला पाय चाकाला थांबवायच्या ऐवजी नुसते बुडबुडे दाबत बसतो. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी आणि पेडल पुन्हा शहाणं.

परतीचा घाट चढणीचा होता, त्यामुळे फार काळजी नव्हती. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे गाडीच्या बिलांची फाइल काढली. मी कागद फेकत नाही, त्यावरून घरात बोलणी खातो, पण या वेळी कामाला आले. पंधरा वर्षांत ठिकठिकाणी केलेल्या सर्व्हिसिंगची बिलं. त्यात "ब्रेक ऑइल टॉप-अप" सात वेळा. "चेंज" एकदाही नाही.

या टॉप-अपबद्दल थोडं सांगतो, कारण मलाही ते चांगलंच वाटायचं. ब्रेक पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन तेवढा बाहेर येतो, त्याच्या मागची जागा भरायला टाकीतलं द्रव खाली जातं. म्हणजे पातळी थोडी उतरणं हा बहुतेक वेळा पॅड झिजल्याचा निरोप असतो. वरून भर घातली की निरोप पुसला जातो, आणि पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलला की टाकी उतू जाते. पातळी झपाट्याने उतरत असेल तर मात्र कुठेतरी गळती आहे, तिथे टॉप-अप करणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. दोन्हीकडे ती भर निरुपयोगीच.

ओळखीच्या एका गॅरेजात विचारलं तर उत्तर मिळालं, "लेव्हल बरोबर आहे की, कशाला पैसे घालवताय?" तोवर जून लागला. आमचं पार्किंग उघड्यावर. साताऱ्याच्या पावसात ब्रेक ऑइलचा डबा उघडणं म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप तेच आत घालणं. सप्टेंबरपर्यंत गाडी फक्त गावात चालवली, उतार टाळत.

दुसरीकडे आरसीची मुदत 17 नोव्हेंबर 2024 ला संपत होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. अर्ज मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत करायचा असतो, त्याआधी नाही. 20 सप्टेंबरला सरकारच्या वाहन पोर्टलवर नमुना 25, म्हणजे नूतनीकरणाचा अर्ज, भरला. नूतनीकरणाचे 5,000, पेट्रोल गाडीचा पर्यावरण कर 3,000, वर किरकोळ, असा तेव्हाचा खर्च. विमा आणि पीयूसी चालू असायला हवी. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप काढायची, ती पहिल्यांदा पुसट आली. नंबरावरची धूळ-ग्रीस रॉकेलने पुसून घ्या आणि मऊ पेन्सिल वापरा, लगेच उमटते. आरटीओतल्या तपासणीची तारीख मिळाली 22 ऑक्टोबर, सकाळची. गाडी प्रत्यक्ष दाखवायची म्हटल्यावर ब्रेकचं काम आता ढकलण्यात अर्थ नव्हता.

स्वतः करायचं ठरवलं, पण एक सांगतो. मी याआधी गाडीचं इंजिन ऑइल आणि पुढचे पॅड स्वतः बदलले होते. कधीच पाना हातात धरला नसेल तर पहिला धडा ब्रेकवर गिरवू नका.

28 सप्टेंबरला, शनिवारी पोवई नाक्यावरून सामान आणलं. आई दारातच उभी. "पितृपक्षात खरेदी?" मी म्हणालो, "ऑइल आहे गं, सोनं नाही." "डबे तर नवे दिसतायत," ती म्हणाली आणि आत गेली.

डब्यांबद्दल: माझ्या टाकीच्या झाकणावर डॉट 3 लिहिलंय. डॉट 4 त्याच जातीचं आणि जास्त तापमान सोसणारं, म्हणून ते चालतं. उलट, डॉट 4 सांगितलेल्या गाडीत डॉट 3 घालू नये. आणि नुसतं डॉट 5 म्हणतात ते सिलिकॉनचं, त्याचा या दोघांशी काही संबंध नाही, ते मिसळायचं नाही. 5.1 मात्र पुन्हा ग्लायकॉलचं. अशी नावं देणाऱ्याला नमस्कार. मी डॉट 4 चे अर्ध्या लिटरचे दोन सीलबंद डबे घेतले, 290 ला एक. घरात मागच्या वर्षीचा अर्धा उघडा डबा होता, तो वापरायचा मोह झाला होता. पण उघडा डबा कपाटात बसूनही ओलावा पीतच असतो. तो बाद केला.

बाकी 8-10 चा रिंग पाना 90, मत्स्यालयाची पारदर्शक नळी 40, मोठी सिरिंज 50, गंज सोडवायचा स्प्रे 220. शिवाय ऑनलाइन मागवलेला ओलावा मोजायचा पेन 350 चा. टाकीत बुडवल्याबरोबर त्याचा लाल दिवा लागला, म्हणजे 4 टक्क्यांच्या वर. हा पेन विजेचं वहन मोजून अंदाज देतो, त्याला देववाणी समजू नका. शिवाय तो टाकीतलं सांगतो. कॅलिपरमधलं, जे खरं तापतं आणि कधीच हलत नाही, त्याचं नाही.

रविवारी सकाळी मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. पेडल दाबलं की द्रव चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलिंडर. त्याच्यापासून सगळ्यांत लांबचं चाक आधी, ही साधारण पद्धत. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं सर्वांत लांब. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पद्धतच वेगळी असू शकते, तेव्हा आपल्या गाडीचं पुस्तक बघा. पुढच्या चाकांना दगड, जॅक, आणि जॅक घसरलाच तर म्हणून स्टेपनी आडवी करून गाडीखाली. पोतं अंथरून आडवा झालो. ड्रमच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या ब्रेकच्या गोल डब्याच्या, मागच्या पत्र्यावर निपल दिसलं. निपल म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा पोकळ स्क्रू. त्यावरची रबरी टोपी कधीच गळून गेलेली, भोकात माती, कडांवर गंज. रात्री स्प्रे मारून ठेवला होता, सकाळी पुन्हा मारला. पाना लावला, हलकेच जोर दिला. काही नाही. थोडा जास्त. आणि पाना फिरला, निपल नाही. सहा कडांपैकी दोन गोल झाल्या.

तिथेच थांबलो. आणखी एक झटका दिला असता तर निपल मोडलं असतं, आणि उघडं मोडलेलं निपल म्हणजे ब्रेक नसलेली गाडी. न उघडलेलं गंजकं निपल निदान गळत तरी नाही. पोतं गुंडाळलं, हात धुतले, आणि दिवसभर घरात चिडचिड केली.

सोमवारी गाडी हळू चालवत दुसऱ्या एका छोट्या गॅरेजात नेली. तिथल्या मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ह्यो निपल आता पाना धरायचा नाय, साहेब. ड्रम काढू." ड्रम काढल्यावर त्याने व्हील सिलिंडरची, म्हणजे चाकातला ब्रेक ढकलणाऱ्या भागाची, रबरी टोपी नखाने उचलली, तर आत ओलसर काळं पाणी. गळायला लागलं होतं, लायनरपर्यंत, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यापर्यंत, पोचलं नव्हतं इतकंच. उजवीकडचं उघडलं, तीच अवस्था. हे जोडीनेच बदलतात. दोन सिलिंडर 840, मजुरी 600. म्हणजे त्या गोल झालेल्या कडांनी माझ्यावर उपकारच केले. सगळं सुरळीत सुटलं असतं तर नव्या ऑइलखाली ते दोन्ही सिलिंडर तसेच झिरपत राहिले असते.

मागच्या दोन चाकांच्या ब्रेकमधली हवा त्याने माझ्याच डब्यातलं ऑइल वापरून काढून दिली. पुढचंही करू का विचारलं. मी म्हणालो, टाकी धुऊन सगळं पूर्ण मला रविवारी करायचंय. तो हसला, पण मग जे सांगितलं ते कुठल्याही व्हिडिओपेक्षा कामाचं होतं. "जुनी गाडी हाय. पेडल पार तळाला नेऊ नका. खाली लाकडाचा ठोकळा ठेवा." कारण असं की मास्टर सिलिंडरचा पिस्टन रोजच्या वापरात अर्ध्याच वाटेपर्यंत जातो. पुढच्या न वापरलेल्या भागात वर्षांचा गाळ आणि गंज साचलेला असतो. ऑइल काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की रबरी सील त्या खडबडीत भागावरून घासत जातं आणि फाटतं. मग माणूस म्हणतो, ऑइल बदलल्यावर ब्रेक बिघडले.

6 ऑक्टोबर, रविवार. तिसरा डबा आणून ठेवला होता. अडचण एकच, पेडलवर बसायला माणूस हवा. बायको कामावर, मुलगा क्लासला. उरली आई. नवरात्राचा उपवास, घट बसलेले, वय अडुसष्ट, आणि गाडीच्या ड्रायव्हर सीटवर ती आयुष्यात कधी बसली नव्हती.

"माझा पाय पोचेल का?"

"सीट पुढे घेतो. शिलाई मशीनसारखं आहे, फक्त सावकाश."

तीस वर्षं तिने पायमशीन चालवलंय. हे मी सहज बोलून गेलो, पण पुढचे दोन तास त्याचा प्रत्यय आला. इंजिन बंद ठेवलं. आधी सिरिंजने टाकीतलं जुनं ऑइल उपसलं. रंग काकवीचा, तळाशी काळा साका. टाकी फडक्याने पुसली, धागे सुटणारं फडकं नको. नवं भरलं, ते फिकट पिवळं, जवळजवळ पाण्यासारखं. ठोकळा म्हणून पोळपाटाचा तुटलेला पाय पेडलखाली.

मग चाकापाशी मी, वर आई.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव, सोडू नकोस."

निपल पाव फेरा सैल. नळीतून काळपट धार सुटते, वर पेडल खाली जातं. ते थांबायच्या आत निपल बंद.

"आता सोड."

"सोडलं. मला सांगत जा रे नीट, खाली एकदम निसटतंय."

क्रम चुकवायचा नाही. निपल उघडं असताना पेडल सोडलं तर हवा आत ओढली जाते. नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा, म्हणजे बुडबुडेही दिसतात. मागची दोन चाकं पटकन झाली, तिथे मेकॅनिकचा हात फिरलेला होता. पुढचं डावं चाक खरं वाईट. पहिले सात-आठ दाब गढूळ चहा, मग मळकं सोनेरी, मग एका दाबात नळीच्या अर्ध्या लांबीपर्यंत जुना रंग आणि मागून नवा, मध्ये अगदी स्पष्ट सीमारेषा. मी ती बघत बसलो.

आणि बघण्याच्या नादात टाकीकडे लक्ष राहिलं नाही. पुढच्या दाबाला नळीत टपटप बुडबुडे. उठून पाहिलं तर टाकी जवळपास रिकामी, हवा आत गेली होती. दर पाच-सहा दाबांनी टाकी भरायची, हे मी कागदावर लिहून बॉनेटला चिकटवलं होतं. कागद अजून तिथेच होता. मग टाकी भरून पुन्हा मागच्या डाव्यापासून चारी चाकं. याच गडबडीत डबा कलला आणि ऑइल फेंडरवर सांडलं. हे रंग खातं. पुसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. मी आधी पुसलं. बोटभर जागेवरची चमक गेली ती गेलीच.

दुसऱ्या फेरीत शेवटच्या चाकाशी असताना आई वरूनच म्हणाली, "आता वेगळं लागतंय. मघाशी गुळगुळीत होतं, आता दोरा ताणल्यासारखं घट्ट." मी अजून निपल उघडलं नव्हतं. तिच्या पायाला माझ्याआधी कळलं होतं.

निपल बंद करताना जोर लावू नका, छोटा पाना मुठीत धरून बसेल तेवढंच. नव्या रबरी टोप्या बसवा, पाच-दहा रुपयांच्या आहेत, माझं निपल त्यांच्याअभावीच गेलं. मग इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबलं आणि दाबून धरून इंजिन चालू केलं. पेडल किंचित खाली गेलं, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर ठीक. तसंच मिनिटभर धरलं, हळूहळू बुडत गेलं नाही, म्हणजे मास्टर सिलिंडर धरून आहे. चारी निपलांना कोरडं फडकं लावून पाहिलं. मग सोसायटीच्या आवारात चालण्याच्या वेगाने दहा वेळा थांबवून पाहिली, आणि मगच रस्त्यावर. काढलेलं ऑइल गटारात ओतायचं नाही. बाटलीत भरून त्याच मेकॅनिककडे दिलं, त्याने वेगळ्या कॅनमध्ये ओतून घेतलं.

ब्रेकच्या कामाचा एकूण खर्च 3,060 रुपये, पेनचे 350 धरून. पेन नसता घेतला तरी चाललं असतं. दोन वर्षांनी न मोजताच बदलायचं.

12 ऑक्टोबरला दसऱ्याला गाडीला हार घातला. 22 ला सकाळी तपासणी. माझा नंबर यायला अडीच तास लागले, पाण्याची बाटली आणि सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स सोबत ठेवा. निरीक्षकांनी चासी नंबर छापाशी ताडून पाहिला, दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न. शेजारी बसून कोपऱ्यापर्यंत गाडी न्यायला लावली. "थांबवा." थांबली. "ठीक आहे, चला." सगळं मिळून सात-आठ मिनिटं. टाकीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि मी मात्र बॉनेट उघडताना उगाच ती फिकट पिवळी पातळी दिसेल अशा बाजूला उभा राहिलो होतो. नवं आरसी 19 नोव्हेंबरला, विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, स्पीड पोस्टाने आलं.

15 डिसेंबरला पुन्हा कुंभार्ली उतरलो. या वेळी घाटमाथ्यावरच दुसरा गिअर, ब्रेक फक्त वळणाआधी, दाबला की सोडला. पेडल खालपर्यंत एकसारखं राहिलं. आता यात ऑइलचा वाटा किती आणि गिअरचा किती, ते मला सांगता येणार नाही. हवाही डिसेंबरची होती. आई या वेळी पुढच्या सीटवर बसली होती आणि दर वळणाला माझ्या पायाकडे बघत होती.

बॉनेटच्या आत चिठ्ठी लावलीय: "ब्रेक ऑइल, डॉट 4, 6-10-2024, पुढचं ऑक्टोबर 2026." हँडब्रेक मात्र ड्रमचं काम झाल्यापासून नवव्या खाचेपर्यंत वर येतो. त्याची केबल ताणून घ्यायची राहिलीय, पुढच्या रविवारी बघतो.